राणीछाप रुपयावरचे साल

श्रोतेहो, आज तुमच्या घरातल्याच एका वस्तूविषयी बोलायचे आहे. ती बहुधा देवघरातल्या तबकात असेल, नाहीतर आजीच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्याच्या घडीत पुरचुंडी बांधून ठेवलेली असेल. चांदीचा जुना रुपया. लक्ष्मीपूजनाला तो बाहेर येतो, त्याला हळदकुंकू लागते, आणि दुसऱ्या दिवशी परत पेटीत जातो. वर्षानुवर्षे आपण त्याला नमस्कार करतो. पण त्याच्यावर लिहिले आहे काय, हे वाचून पाहणारे घर मला क्वचितच भेटले.

"रुपया तो रुपया, त्यात वाचायचं काय?" असे तुम्ही म्हणाल. मीही एके काळी हेच म्हणत होतो. तेव्हा आधी माझीच फजिती सांगतो.

माझ्या आईकडे एकोणीस रुपयांची माळ होती. अशा माळेला आमच्याकडे हमेल म्हणत. ती तिच्या आजीकडून आलेली. मी सातवीत असताना थोरल्या बहिणीचे लग्न ठरले आणि माळ मोडायची ठरली. पैंजण करायचे होते, ताट-वाटी करायची होती. घरात दुसरी चांदी नव्हती. मला तेव्हा एक नवा खेळ लागला होता. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायची, की नाण्याचा ठसा कागदावर उमटतो. माळ सोनाराकडे जायच्या आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी चित्रकलेच्या वहीत एकोणीसही रुपयांचे ठसे घेतले. राणीचे तोंड छान उठत होते, म्हणून तोंडाचीच बाजू घेतली. मागच्या बाजूला नुसती अक्षरे आणि वेलबुट्टी. ती कोण काढत बसतो!

पुढे शिक्षक झाल्यावर नाण्यांची दोन-चार पुस्तके हाती आली आणि मग ती वही शोधून काढली. पाहतो तो एकोणीस राण्या आहेत, आणि साल एकाही रुपयाचे नाही. कारण या रुपयांवर साल असते ते मागच्या बाजूला! अकरा ठशांवर 'क्वीन' आहे, आठांवर 'एम्प्रेस' आहे. त्यावरून एवढेच सांगता येते की अकरा रुपये १८७७ च्या आधीचे आणि आठ १८७७ पासूनचे. त्या अकरांत कोणता रुपया नेमका कधीचा, हे सांगणारी खूण मागच्याच बाजूला होती, आणि ती मुशीत गेली.

ती खूण कसली, ते सांगायला थोडे मागे जायला हवे.

पेशवाईत आपल्या मुलखात रुपया एक नव्हता. पुण्याकडचा अंकुशी निराळा, चांदवडचा चांदवडी निराळा, निजामाच्या मुलखातला निराळा. गंमत अशी की बहुतेकांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे, अक्षरे फार्सी, आणि टाकसाळ ओळखायची ती अंकुशासारख्या एखाद्या चिन्हावरून. सराफ रुपया हातात घेई, वाजवून पाही, साल बघे आणि बट्टा सांगे. नव्या सालाचा रुपया पुऱ्या किमतीचा; तोच दोन-चार वर्षांनी जुना झाला की बट्टा कापला जाई, मग चांदी गुंजभरही झिजलेली नसो. शेतसारा भरणाऱ्या कुणब्याला हा बट्टा भारी पडे. रुपयावरचे साल म्हणजे त्याच्या खिशाला पडलेले भोकच म्हणायचे.

ईस्ट इंडिया कंपनीने बंगालात यावर एक युक्ती काढली. दरसाल नवे साल घालायचेच नाही. शाह आलम बादशहाच्या राज्याचे एकोणिसावे वर्ष एकदा रुपयावर घातले ते घातले. बादशहा म्हातारा झाला, वारला, त्याच्या जागी दुसरा आला. कंपनीचा रुपया आपला एकोणिसाव्याच वर्षात! सालच बदलत नाही म्हटल्यावर सराफ जुना-नवा करणार कसा?

१८३५ साली कंपनीने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. बरोबर एक तोळा! म्हणूनच आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षे रुपया हेच तोळ्याचे वजन होते. सोनाराच्या तराजूत एका पारड्यात दागिना आणि दुसऱ्यात रुपये, हे तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. १८३५ च्या या रुपयावर चौथ्या विल्यमचे तोंड आहे. १८४० पासून राणी आली. हा पहिला राणीछाप रुपया. त्यावर मुकुट नाही, तरुण मुलीचे बांधलेल्या केसांचे डोके आहे. याचेही दोन प्रकार आहेत. एकात राणीचे नाव डोक्यावरून सलग कमानीसारखे जाते. दुसऱ्यात ते तुटून डोक्याच्या दोन बाजूंना बसते. मागच्या बाजूला पानांचा हार आहे, त्यात बारीक फळे आहेत, आणि ती फळे सगळ्या रुपयांवर सारखी नाहीत. कुठे एकोणीस, कुठे वीस, कुठे अठ्ठावीस. संग्राहक भिंग घेऊन ती मोजत बसतात. बायको म्हणते, तांदळातले खडे असे निवडले असते तर बरे झाले असते.

फळे मोजून हाती काय येते? तर रुपयावर १८४० लिहिले असले तरी तो १८४० सालीच पाडलेला असतो असे नाही. तेच साल ठेवून पुढे वीस-बावीस वर्षे रुपये निघत राहिले. मग कोणता ठसा आधीचा, कोणता नंतरचा, कुठल्या टाकसाळीचा, हे अशा बारीकसारीक फरकांवरूनच लावावे लागते.

१८५८ साली कंपनीचे राज्य गेले आणि राणीचे आले. १८६२ साली मुकुट घातलेल्या राणीचा नवा रुपया निघाला. त्यावर साल १८६२. आणि पुन्हा तीच जुनी चाल! १८७४ पर्यंत बारा वर्षे रुपयावर १८६२ हेच साल राहिले. पण मुंबईच्या टाकसाळीने मात्र एक बारीक खूण ठेवली. मागच्या बाजूला सालाजवळ ती एकेक ठिपका घालू लागली. ठिपक्यांच्या संख्येवरून आणि जागेवरून रुपया खरोखर कोणत्या वर्षी पाडला हे आज ताडता येते. नुसत्या डोळ्यांना ते ठिपके म्हणजे वेलबुट्टीचाच भाग वाटतात, नाहीतर मळ वाटतो. वाचता येणाऱ्याला मात्र ते साल असते.

माझ्या अकरा राण्यांच्या पाठीवरचे ठिपके ते हेच. आपले रत्नागिरीकर पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जातात, तेव्हा माळेतले बरेच रुपये मुंबईच्या टाकसाळीचेच असणार. कोणत्या साली पणजोबा पहिल्यांदा गलबतात बसून मुंबईस गेले असतील, याचा धागा कदाचित त्या ठिपक्यांत लागला असता.

१८७७ पासून राणी 'एम्प्रेस', म्हणजे सम्राज्ञी झाली. तेव्हापासून मुंबईच्या रुपयावर कुठे ठिपका, कुठे इंग्रजी 'बी' असे अक्षर बारीक कोरलेले दिसते. कलकत्त्याच्या रुपयावर बहुधा काहीच नसते. राणीनंतर सातवा एडवर्ड, १९०३ ते १९१०. त्याच्या डोक्यावर मुकुट नाही आणि मागच्या बाजूला कमळे आहेत. त्याच्याविषयी आज याहून जास्त बोलत नाही.

१९११ ची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. त्या साली पाचव्या जॉर्जचा पहिला रुपया निघाला. राजाच्या झग्यावर एक मानचिन्हाची साखळी दाखवली होती आणि त्या साखळीत हत्ती. पण कोरणाऱ्याने हत्तीची सोंड इतकी आखूड आणि पाय इतके बुटके केले की लोकांना तो डुक्कर वाटला. राजाच्या अंगावर डुक्कर, आणि तोच रुपया हिंदू-मुसलमान दोघांच्याही हातात! ओरड झाली. सरकारने तो रुपया आवरला. पाडले होते चौऱ्याण्णव लाखांच्या आसपास, बाजारात गेले होते सात लाखांच्या आसपास, बाकीचे वितळवले. १९१२ च्या रुपयावर हत्तीला चांगले कान आणि सोंड देण्यात आली. तेव्हा तुमच्या घरी पाचव्या जॉर्जचा रुपया असेल, तर साल १९११ आहे का पाहा, आणि मग राजाच्या छातीवरचा तो प्राणीही पाहा. शाळेतल्या मुलांना हे फार आवडते.

याच्या उलट १९१७ आणि १९१८ चे रुपये पैशाला पासरी. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी ओढ पडली की १९१७ च्या अखेरीस सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. लोकांचा कागदावर विश्वास नव्हता. त्यांना बंदा रुपया हवा होता. शेवटी १९१८ साली अमेरिकेने आपले सत्तावीस कोटींच्या आसपास चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यांतली बहुतेक चांदी इंग्रजांमार्फत हिंदुस्थानच्या टाकसाळींकडे वळली. तुमच्या आजीच्या पेटीतल्या १९१८ च्या रुपयात अमेरिकेचा डॉलर मुरलेला असायचा संभव आहे! पण असे रुपये इतके निघाले की संग्राहक त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. तीनच-चार वर्षांनी पाडलेला १९२१ चा आणि १९२२ चा रुपया मात्र दुर्मिळ. आणि सर्वांत दुर्मिळ म्हणाल तर सहाव्या जॉर्जचा १९३९ चा. १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी आली. जुन्या चांगल्या चांदीच्या रुपयांतला हा शेवटला. फार थोडे शिल्लक राहिले. त्याच्या आधीचा १९३८ चा पुष्कळ मिळतो. आता ८ चा ९ करायला किती कोरावे लागते, ते तुम्हीच पाहा. म्हणून १९३९ चा रुपया कोणी दाखवला तर आधी भिंग मागावे, मग आनंद करावा.

एवढे झाले रुपयाचे. पण आपल्या जिल्ह्याचे खरे नवल रुपया नाहीच. ते आहे लारी.

दाभोळ तुम्हांला ठाऊक आहे, वाशिष्ठीच्या मुखावरचे. आदिलशाहीत हे मोठे बंदर होते; इराण-अरबस्तानाची गलबते तिथे लागत. त्या सागरी व्यापारात एक चमत्कारिक नाणे चाले. ते वाटोळे नव्हते, चौकोनी नव्हते. चांदीची तार घेऊन मधोमध दुमडायची, दोन्ही पाय एकमेकांजवळ आणायचे, आणि त्यावर ठसा मारायचा. झाले नाणे! इराणातल्या लार गावावरून याला लारी म्हणत. वजन रुपयाच्या निम्म्याहून कमी, पाच ग्रॅमला थोडे कमी. इराणच्या आखातापासून सिंहलद्वीपापर्यंत ते चाले. मालदीव बेटांत आजही सुट्या नाण्याचे नाव लारीच आहे. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने, म्हणजे शिवाजी महाराजांशी ज्याची गाठ पडली त्याने, आपल्या नावाच्या लारी पाडल्या, आणि त्या दाभोळ बंदराशी जोडल्या जातात. शिवकालीन कागदांतही लारीचे नाव येते.

आता यातली अडचण पाहा. ठसा मोठा आणि तार बारीक. त्यामुळे एका लारीवर राजाच्या नावाचे एकच अक्षर उमटते, दुसरीवर अर्धे, तिसरीवर सालाचे दोनच आकडे. एका लारीवरून काहीच वाचता येत नाही. पाच-पन्नास लारी शेजारी-शेजारी ठेवून, एकीचा तुकडा दुसरीला जोडत, विद्वानांनी तो मजकूर आणि ती साले वाचली. म्हणून लारींचा साठा फुटता कामा नये. दहा घरांत दहा वाटल्या गेल्या की वाचन संपले.

आणि हे साठे आपल्याच जिल्ह्याच्या मातीत सापडले आहेत. उद्या आंब्याचे आळे खणताना, चिऱ्याची खाण उकरताना, घराचे जोते काढताना काळ्या पडलेल्या वाकड्या तारांचे गाडगे लागले, तर कोणाला वाटेल ते मासे धरायचे गळ आहेत, कोणाला वाटेल बायकांचे आकडे आहेत. आजवर असे किती गळ भंगारात गेले, कोण सांगणार! इंग्रज लोकही त्याला गळाचेच नाणे म्हणत.

शिक्षकबंधूंना एक हिशेब सांगून ठेवतो. लारीवर किंवा जुन्या फार्सी रुपयावर हिजरी साल असेल, तर त्याला ३३ ने भागावे, आलेला भाग त्यातून वजा करावा आणि ६२२ मिळवावे. समजा १०७७ आहे. ३३ ने भागून आले साधारण ३३. १०७७ तून ३३ गेले, राहिले १०४४. त्यात ६२२ मिळवून झाले १६६६. महाराज आग्र्याहून सुटले ते वर्ष! फळ्यावर हे गणित घातले, तर मुलांच्या लक्षात इतिहासही राहतो आणि भागाकारही.

समुद्राकाठच्या आपल्या घरांत आणखीही पाहुणे निघतात. आखातात, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खलाशी म्हणून गेलेल्या कोणाच्या पेटीत मोठ्या थोरल्या चांदीच्या नाण्यावर एक भरल्या अंगाची राणी आणि १७८० साल दिसेल. ती ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा. १७८० हे तिच्या मृत्यूचे साल. अरबस्तानातल्या व्यापाऱ्यांना हेच नाणे हवे असे, म्हणून तेच साल घालून ते पुढे दीड-दोनशे वर्षे पाडले गेले. दुसऱ्या महायुद्धात तर आपल्या मुंबईच्या टाकसाळीतही! म्हणून १७८० वाचून हुरळून जाऊ नका. आणि रत्नागिरीत थिबा राजाचे नाव घेतल्याशिवाय कसे चालेल? १८८६ साली त्याला इथे आणले, १९१६ साली तो इथेच वारला. त्याच्या बापाने, मिंडॉन राजाने, मोराचे चित्र असलेले चांदीचे नाणे काढले होते. टाकसाळीची यंत्रे आली १८६५ साली, पण नाण्यावर साल ब्रह्मी १२१४, म्हणजे राजा गादीवर बसला ते. कलकत्ता असो की मंडाले, साल गोठवायची हौस सगळीकडे सारखीच.

तुम्ही म्हणाल, एवढ्या आकड्यांनी साधायचे काय? त्याचे उत्तर फार जुन्या नाण्यांत आहे. आपल्या पश्चिम भागावर क्षत्रपांचे राज्य होते. त्यांची चांदीची नाणी करंगळीच्या नखाएवढी. पण त्या इवल्या नाण्यावर राजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि डोक्यामागे शक वर्ष! या राजांचा सलग इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही. कोण कोणाचा मुलगा, कोण किती वर्षे राज्यावर होता, हे बहुतेक या नाण्यांवरूनच लावले गेले. त्यांच्यातल्या नहपानाची नाणी १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडली, तेरा हजारांहून जास्त. त्यांपैकी नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा नहपानाच्या तोंडावरच मारलेला होता. हरलेल्या राजाचे नाणे जिंकलेल्याने कसे चालवले, ते जसेच्या तसे हाती आले. ते गाडगे आधी एखाद्या सोनाराच्या हाती लागले असते, तर ती सारी चांदीची एक लगड झाली असती.

आता कामाच्या दोन गोष्टी.

पहिली, नाणे घासू नका. आपल्याकडे चांदी म्हटली की चिंच, रांगोळी, राख नाहीतर दंतमंजन निघाले. ताट घासा, समई घासा. नाण्याला हात लावू नका. आपल्या दमट हवेत चांदी काळी पडायचीच. त्या काळेपणाने नाण्याचे काही बिघडत नाही; घासण्याने मात्र ठिपके आणि बारीक अक्षरे जातात, आणि संग्राहक अशा लखलखीत नाण्याला नाक मुरडतो. फारच माती असेल तर साध्या पाण्यात बुडवावे, मऊ फडक्याने टिपावे, चोळू नये. नाणे कडांनी धरावे. साध्या कागदाच्या पाकिटात एकेक निराळे ठेवावे. चिकट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. कडी लावलेले असेल तर ती उपटायच्या भानगडीत पडू नये.

दुसरी, वही ठेवा. एका पानावर एक नाणे. ठसा दोन्ही बाजूंचा घ्यायचा, हे आता मी सांगायला नको! खाली साल, ठिपके, अक्षर, वजन. आणि ते घरात कोणाकडून आले तेही लिहा, कारण ते नाण्यावर लिहिलेले नसते आणि सांगणारे माणूस कायमचे राहत नाही. शाळेत हा उपक्रम केलात, तर मुलांना नाणी आणायला सांगू नका, ठसे आणायला सांगा. हरवले तर मास्तर जबाबदार, हा अनुभव माझ्या गाठीला आहे.

जमिनीत काही सापडले तर मात्र घरगुती वहीवर भागत नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत पुरलेले धन सापडले आणि ते दहा रुपयांहून जास्त किमतीचे असले, तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते: काय सापडले, कुठे, कोणत्या तारखेला. लोक भितात की सरकार सगळे घेऊन जाईल. पण कोणी हक्कदार पुढे आला नाही, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमिनीच्या मालकाला एक हिस्सा, अशी त्यात तरतूद आहे. सरकारने ते संग्रहालयासाठी घ्यायचे ठरवले, तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देते. लपवले मात्र, तर वाटाही जातो आणि शिक्षाही होते. गाडगे सापडले तर ते तसेच ठेवावे, आतली नाणी मोजावीत, वाटू नयेत.

परवा शेजारच्या वाडीतल्या एक आजी भेटल्या. पदराच्या गाठीत एक रुपया होता, चांगला झिजलेला. चांदीचा भाव चढला म्हणून सोनाराकडे निघाल्या होत्या. मी म्हटले, "आजी, जरा बघू." भिंगातून पाहिले. १८६२, आणि सालाखाली ठिपका. एक की दोन, ते झिजेमुळे नीट लागेना. आजींना सगळे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे जास्त पैसे येतील?" मी म्हटले, "कदाचित येतील, कदाचित नाही. फार झिजलाय." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनी सून म्हणून घरात आले तेव्हा हातावर ठेवला होता. राहू दे मग आणखी थोडे दिवस." मी वहीत दोन्ही बाजूंचा ठसा घेतला, खाली त्यांच्या सासूबाईंचे नाव लिहिले, आणि रुपया परत गाठीत बांधून दिला.